‘शेम शेम’ नको, नाव सांगा!

वर्षाच्या बाळाशी सगळं घर एक खेळ खेळतं. तुम्हीही खेळला असाल. ‘नाक कुठंय? नाक दाखव!’ बाळ नाकावर बोट ठेवतं. ‘कान कुठंयत? डोळे कुठंयत? पोटोबा कुठाय?’ बाळ झबलं वर करून पोट दाखवतं आणि सगळी मंडळी टाळ्या पिटतात. त्यानंतर थेट गुडघा येतो, मग पाय. पोट आणि गुडघा यांच्या मधला भाग या खेळात येतच नाही. आणि तेच बाळ थोडं मोठं होऊन आंघोळीनंतर उघडंच बाहेरच्या खोलीत पळत आलं, की कुणीतरी हमखास ओरडतं, ‘शेम शेम!’

म्हणजे त्या जागेचं नाव त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिची लाज मात्र सगळ्यांनी मिळून शिकवलेली असते.

तुमच्या घरी त्या जागेला काय म्हणायचे, आठवून बघा. ‘नुन्नी’? ‘चिमणी’? ‘शूशू’? ‘खालची जागा’? की नुसतंच ‘तिथं’? आठवलं तर हसू येईल, आणि हसायला काहीच हरकत नाही. पण हसून झालं की एका गोष्टीचा विचार करा. उद्या एखाद्या लहान मुलाला ‘तिथं’ काही झालं, तर ते सांगणार कसं?

‘मला नाही जायचं तिकडे’

समजा, सात वर्षांची एक मुलगी आहे. शेजारच्या इमारतीत शिकवणीला जाते. एक दिवस आईला म्हणते, ‘मला नाही जायचं तिकडे.’ आई विचारते, ‘का गं?’ ती म्हणते, ‘असंच.’ ‘नाटकं नकोत, महिन्याची फी भरलीय.’ दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखतं. आजी ओवा देते. तिसऱ्या दिवशी ती म्हणते, ‘ते काका त्रास देतात.’ आईला वाटतं, गृहपाठ केला नाही म्हणून ओरडत असतील. ‘मग अभ्यास कर ना नीट, म्हणजे नाही देणार त्रास.’ विषय तिथंच संपतो.

या मुलीनं सांगितलं नाही, असं म्हणता येईल का? तिनं तीनदा सांगितलं. तिच्याजवळ जेवढे शब्द होते, तेवढे सगळे वापरून सांगितलं. आईही वाईट नाही. तिलासुद्धा लहानपणी ‘तिथं’च्या पलीकडचा शब्द कुणी दिला नव्हता. ‘त्रास’ या एका शब्दात काय काय असू शकतं, हे तिला ऐकू आलं नाही.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी अशी मुलं किती असतील याचा अंदाज देणारी एक मोठी पाहणी आपल्याकडे झालेली आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली ती प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून ती तयार झाली होती. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळ करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट तोवर कुणालाही सांगितलेली नव्हती.

हे शेवटचं वाक्य परत एकदा वाचा. आजचा विषय तिथूनच सुरू होतो. मुलांना सांगता यावं, यासाठी प्राथमिक शाळेत काय करता येईल?

सुविचार आहे, सराव नाही

इंग्लंडमधल्या शाळांत पीएसएचई नावाचा विषय असतो. व्यक्तिगत, सामाजिक, आरोग्य आणि आर्थिक शिक्षण असं त्याचं लांबलचक नाव. त्यातलं ‘नातेसंबंधांचं शिक्षण’ सप्टेंबर २०२० पासून तिथल्या सगळ्या प्राथमिक शाळांना सक्तीचं झालं. मैत्री कशी असते, परवानगी कशी मागायची, आपलं शरीर आपलं कसं, काही बिनसलं तर कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे सगळं त्यात येतं. तिथल्या एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेनं तर लहान मुलांसाठी पँटोसॉरस नावाचा चड्डी घातलेला डायनासोर तयार केला. चड्डीखालचं सगळं खासगी, तुझं शरीर तुझं, नाही म्हणजे नाही, अस्वस्थ करणारं गुपित मनात ठेवू नकोस, बोल म्हणजे कुणीतरी मदत करील. एवढाच त्याचा धडा.

आपल्याकडे असं काहीच नाही का? आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. तुमची प्राथमिक शाळा आठवा. सकाळी परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. मूल्यशिक्षणात वक्तशीरपणापासून संवेदनशीलतेपर्यंत १० मूल्यं. फेब्रुवारीत जंताची गोळी. मधूनच दात-डोळे तपासायला येणारं आरोग्य पथक. परिसर अभ्यासात शरीराचे अवयव, आहार, स्वच्छता. साबणानं हात कसे धुवायचे, हे तर आपण गाण्यासकट शिकलो.

यातलं काहीच वाया गेलेलं नाही. पण फरक बघा. मूल्यशिक्षण मुलाला सांगतं, ‘तू असं असावंस.’ नेहमी खरे बोलावे. मोठ्यांचा मान राखावा. आता तिसरीतल्या मुलानं विचारलं, की ‘मोठा माणूसच चुकीचं करायला सांगत असेल तर?’ किंवा ‘खरं बोललो की मार बसणार असेल तर?’ तर फळ्यावरच्या सुविचारात त्याचं उत्तर नसतं. ‘मोठ्यांचं ऐकावं’ एवढंच शिकवलेलं मूल तर जास्तच अडकतं. कारण त्याला त्रास देणारा माणूस मोठाच असतो.

म्हणून हा तास उपदेशाचा असून चालत नाही. तो शब्दांचा आणि सरावाचा असावा लागतो. आपल्या मराठी शाळांत असे तास होऊ शकतात का? होऊ शकतात. ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला. मुलांनी जोडीत बोलायचं, गटात चर्चा करायची, खेळातून वागणं शिकायचं, अशी त्याची पद्धत. पुढे तो राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही पोचला. म्हणजे गुरुजींनी बोलायचं आणि पोरांनी हाताची घडी घालून ऐकायचं, ही काही दगडावरची रेघ नाही.

पहिली ते पाचवी : नेमकं काय?

तुमच्यापैकी कुणी डी.एल.एड. करत असेल, कुणी शिकवण्या घेत असेल, कुणी एनएसएसच्या शिबिरात मुलांचे खेळ घेत असेल. त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचा. बाकीच्यांनी घरातलं एखादं पोर डोळ्यांपुढे आणा.

*पहिली.* ‘नाक कुठंय’चाच खेळ, पण काही न वगळता. ही छाती, हे पोट, ही शूची जागा, हे ढुंगण. शूच्या जागेला मुलाच्या बाबतीत शिश्न म्हणतात, मुलीच्या बाबतीत योनी. नाक म्हणताना बाईंचा जो आवाज होता, तोच इथंही. वर्गात खुसखुस होणार. होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी ती कमी होते.

याच वयात भावनांची नावं. आपल्या घरात ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाची उत्तरं दोनच, ‘बरंय’ आणि ‘बरं नाहीये’. पण मराठीकडे या बाबतीत केवढा खजिना आहे! पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, काळजात धस्स होणे, हातपाय गार पडणे. शाळा हे सगळं ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हणून पाठ करून घेते आणि पाच गुण देऊन सोडून देते. त्याच वेळी मुलांना एवढंच विचारायचं, ‘तुझ्या पोटात कधी गोळा आला होता?’ एक म्हणेल, परीक्षेला. एक म्हणेल, कुत्रा मागं लागला तेव्हा. एखादं मूल गप्प बसेल. बाईंनी लक्षात ठेवायचं ते या गप्प बसलेल्या मुलाला.

*दुसरी.* ‘नाही’ म्हणायचा सराव. वर्गाच्या दारावर तीन चित्रं लावायची. नमस्कार, टाळी, मिठी. सकाळी आत येताना मुलानं चित्रावर बोट ठेवायचं आणि बाईंनी तसंच स्वागत करायचं. आज मिठी नको, नुसता नमस्कार. चालेल! आपल्या अंगाला कुणी कसा हात लावायचा हे आपण ठरवू शकतो, ही गोष्ट मूल व्याख्यानाशिवाय शिकतं. याच्या जोडीला दुसरी बाजूही हवी. समोरच्यानं ‘नाही’ म्हटलं, तर ते ऐकायचं. ‘मला नाही खेळायचं तुझ्याशी’ हे ऐकून रडू येऊ शकतं, रागही येऊ शकतो, तरी त्याची वही फाडायची नाही. हा धडा मुलग्यांना सातव्या वर्षी मिळाला, तर सतराव्या वर्षी कॉलेजच्या गेटवर पुन्हा शिकवावा लागणार नाही.

*तिसरी.* गंमत आणि गुपित यांतला फरक. बाबांच्या वाढदिवसाला केक आणलाय, आत्ता सांगायचं नाही, ही गंमत. ती संध्याकाळी सगळ्यांना कळणारच असते आणि कळल्यावर सगळे खूश होतात. ‘हे आपल्या दोघांतच, कुणाला सांगितलंस तर आई तुलाच मारेल’ हे मात्र गुपित. ते कधीच कळू नये असं कुणाला तरी वाटतं. पोटात गोळा आणणारं गुपित पाळायचं नसतं. कुणी शपथ घातली असली तरी नाही. आपल्याकडे ‘आईची शप्पथ’ला केवढं वजन असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ‘अशी शपथ मोडली तर आईला काही होत नाही’ हे वर्गात स्पष्ट सांगावं लागतं.

मग पाच बोटांचा खेळ. मुलानं कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवायचा. प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव, ज्याला मी काहीही सांगू शकतो. एक तरी नाव घराबाहेरचं हवं. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, त्यानं नाही ऐकलं तर तिसऱ्याला. एखाद्या मुलाची दोनच बोटं भरली, तर तिसरं बोट कुणाचं असावं हे बाईंनी ओळखावं.

*चौथी.* चिडवाचिडवी. ढब्बू, काळू, चष्मिस, तोतऱ्या. ‘मस्करी केली रे’ हे वाक्य नक्की कुठं खोटं होतं, यावर मुलांनीच बोलायचं. आणि मोबाइल. गेममध्ये भेटलेला ‘दादा’ खरंच दादा असतो का? कुणी फोटो मागितला तर काय करायचं? चौथीतल्या पोराच्या हातात फोन असतो, मग चौथीत हा धडाही हवा.

*पाचवी.* वाढणारं शरीर. काही मुलींना पाळी पाचवीतच येते. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत ‘कावळा शिवला’ म्हणूनच भागवतात. आणि शाळेत काय होतं? मुलींना एका वर्गात बसवतात आणि मुलग्यांना मैदानावर पिटाळतात. मैदानावर मग तर्क सुरू होतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीच्या फ्रॉकला डाग दिसला की त्या तर्कांचं चिडवणं होतं. मुलग्यांनाही तीच माहिती त्याच साध्या आवाजात दिली, तर चिडवायला उरतं काय? आणि हो, धड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी हवी आणि नळाला पाणी हवं.

वर्षातून एकदा ‘गुड टच, बॅड टच’

तुम्ही म्हणाल, हे तर होतं की आता! आमच्या धाकट्या भावाच्या शाळेत ‘गुड टच, बॅड टच’चं सत्र झालं. होतं, आणि ते चांगलंच आहे. पण बऱ्याचदा ते वर्षातून एकदा होतं. सभागृहात तीनशे मुलं, एक पाहुणे, एक चित्रफीत, शेवटी आभारप्रदर्शन. पाढे एका दिवसात पाठ झाले होते का तुमचे?

दुसरी अडचण ‘बॅड’ या शब्दाची आहे. चुकीचा स्पर्श दर वेळी दुखतोच असं नाही. कधी गुदगुल्या असतात, कधी मांडीवर बसवणं असतं, सोबत चॉकलेट असतं. मुलाला सुरुवातीला मजाही वाटू शकते. मग ते म्हणतं, ‘मला तर वाईट वाटलं नाही, म्हणजे तो बॅड टच नव्हता.’ किंवा त्याहून वाईट, ‘मी हसलो होतो, म्हणजे चूक माझीच.’ म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द बरे. खासगी जागांना कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही. मग कसंही वाटो. अपवाद दोनच. अंघोळ घालताना किंवा शी-शू धुताना घरातलं माणूस, आणि तपासताना डॉक्टर, तेही घरातलं माणूस सोबत असताना.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. ‘जोरात ओरड, पळ आणि सांग’ हे तीन शब्द शिकवून आपण सगळा भार सात वर्षांच्या जिवावर टाकतो. चाळिशीच्या माणसापुढे त्याच्या तोंडून शब्दच फुटला नाही तर? आपण ओरडलो नाही, म्हणून ते आयुष्यभर स्वतःला दोष देत बसतं. यासाठी प्रत्येक तासाच्या शेवटी एक वाक्य हवंच. ‘तू ओरडला नाहीस, पळाला नाहीस, खूप दिवस सांगितलं नाहीस, तरी चूक तुझी नाही. चूक मोठ्या माणसाची. आणि सांगायला कधीच उशीर झालेला नसतो.’

‘एवढ्या लहान वयात कशाला?’

हा प्रश्न येणार. तुमच्या आईबाबांकडून येईल, पालकसभेत येईल. त्यावर चिडू नका. विचारणारा माणूस मुलाच्या काळजीपोटीच विचारत असतो.

या वादाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, तेही खटले अंगावर घेऊन. शरीराबद्दल मोकळेपणानं आणि शास्त्रीय बोलणारी मराठी शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती. तरी २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिकता शिक्षणाला इतर काही राज्यांसारखाच महाराष्ट्रातही विरोध झाला आणि ते थांबवण्यात आलं. विरोध फक्त आपल्याकडेच होतो, असंही नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात २०१९ साली कुटुंबांच्या वेगवेगळ्या प्रकारांबद्दलच्या धड्यांवरून पालक शाळेच्या दारात निदर्शनं करत होते.

पण प्राथमिक शाळेतला हा तास लैंगिक संबंधांचा नाही, हे आधी नीट समजून घ्या आणि मग समजावून सांगा. पहिलीतल्या मुलाला मूल कसं जन्मतं हे सांगायचं नाहीये. शरीराच्या भागाचं नाव, ‘नाही’ हा शब्द आणि विश्वासातली पाच माणसं, एवढंच द्यायचंय. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ म्हणून शिकवलं, तर मूल काही लगेच गाडी चालवायला मागत नाही. कायदाही या बाजूनंच आहे. मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. त्याच्या २०२० च्या नियमांत मुलांना वयानुरूप स्वसंरक्षणाचं शिक्षण देण्याची तरतूद आहे.

मग शाळेनं काय करायचं? पालकांना आधी दाखवायचं. तीच चित्रं, तेच शब्द, तोच पंजा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सगळं समोर मांडायचं. जे पालकांपासून लपवून शिकवलं जातं, त्याबद्दल संशय येणारच.

खरी पंचाईत मराठीच्या शब्दांची आहे. ती पालकांचीही आहे आणि शिक्षकांचीही. या अवयवांसाठी आपल्याकडे एक तर जीवशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत शब्द आहेत, नाही तर नाक्यावरच्या शिव्या. घरात सहज उच्चारता येईल असा मधला शब्द रुळलेलाच नाही. ‘योनी’ म्हणताना बाईंची जीभ अडखळते, कारण त्यांनी तो शब्द मोठ्यानं कधी उच्चारलेलाच नसतो. यावर उपाय एकच, उच्चारायचा. सुरुवातीला ‘शूची जागा’ म्हणून सुरू करा, पण तेवढ्यावर थांबू नका. ‘चिमणी’ म्हणाल, तर मूल ‘काकांनी माझ्या चिमणीला हात लावला’ म्हणून सांगेल आणि ऐकणारा विचारेल, ‘कुठली चिमणी रे?’ जो शब्द घराबाहेरच्या माणसाला, शिक्षकाला, डॉक्टरला, पोलिसाला कळत नाही, तो शब्द मुलाच्या कामाचा नाही.

आणि दोन शिक्षकांच्या शाळेचं काय? एका खोलीत दोन-दोन इयत्ता, वर पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहित्या भरायच्या. त्यात नवा विषय आणला, तर गुरुजी हात जोडतील आणि त्यांचं चूक नाही. पण यासाठी वेगळं पुस्तक आणि परीक्षा लागत नाही. परिपाठातली दहा मिनिटं आठवड्यातून दोनदा, भाषेच्या तासातले वाक्प्रचार आणि परिसर अभ्यासातलं शरीराचं चित्र, ज्यात कुठलाच भाग पुसलेला नाही. सुरुवातीला एवढं पुरतं.

मूल बोललं, मग?

आता सगळ्यांत अवघड भाग. हा तास नीट झाला, तर कधीतरी एखादं मूल बोलणार. वर्ग सुटल्यावर दप्तर भरता भरता, खाली बघत, भलत्याच विषयात घुसवून. आणि ते बाईंनाच सांगेल असं नाही. कदाचित तुम्हाला सांगेल. ताईला, दादाला. कारण त्याच्या एखाद्या बोटावर तुमचं नाव आहे.

त्या वेळी तुमचा चेहरा महत्त्वाचा. किंचाळू नका, ‘काय सांगतोस!’ म्हणून डोळे विस्फारू नका. ‘तू गेलासच कशाला?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘नक्की ना? खोटं नाही ना बोलत?’ हे तीन प्रश्न गिळून टाका. मूल परत कधी बोलेल की नाही, हे याच प्रश्नांवर ठरतं. त्याऐवजी म्हणा, ‘बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. आता मी मदत करीन.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. उलटतपासणी घेऊ नका. ते जे बोललं, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

पुढचं पाऊल कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका ज्याला आहे, त्यानं ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. मग तो शिक्षक असो, शेजारी असो की विशीतला दादा. माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर एका वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘घरातलं घरात मिटवू’ हे पर्याय कायद्यानं ठेवलेलेच नाहीत.

ठाण्याची भीती वाटत असेल, तर हेही माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. त्याची ओळख उघड करता येत नाही. कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. काय करावं सुचत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आहे. त्याची सुरुवात १९९६ मध्ये आपल्या मुंबईतूनच झाली होती. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. आणि घरातल्या लहानग्याला पाढ्यासारखा पाठ करून घ्या. दहा, नऊ, आठ.

सुरुवात घरातून

शाळेत हा तास कधी येईल, याची वाट बघत बसू नका. तुम्ही ज्या वयात आहात ना, ते वय यासाठी अगदी नेमकं आहे. आईबाबांपेक्षा तुम्ही मुलांना जवळचे वाटता आणि शाळेच्या आठवणी अजून ताज्या आहेत. तेव्हा कुणी काय सांगायला हवं होतं, हे तुम्हाला बरोबर ठाऊक आहे.

येत्या गणपतीत किंवा दिवाळीत घर भरलेलं असेल. कुणीतरी मोठे काका तुमच्या पाच वर्षांच्या भाचीला म्हणतील, ‘ये, पापी दे बघू काकांना!’ ती आईच्या पदराआड लपेल. सगळे म्हणतील, ‘अगं, दे ना, काकाच आहेत! लाजते मेली.’ काका कदाचित अगदी साधे, मायेचे असतील. प्रश्न त्यांचा नाहीये. त्या क्षणी भाचीला काय शिकवलं जातंय, हा प्रश्न आहे. ‘तुला नको असलं तरी मोठ्यांनी मागितलं की द्यायचं.’ तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणा, ‘तिला नको असेल काका, टाळी देईल ती. काय गं, देशील ना टाळी?’ सण बिघडत नाही, काकांचा मान जात नाही आणि तिच्या ‘नाही’ला घरातल्या एका मोठ्या माणसानं सगळ्यांदेखत मान दिलेला असतो. ते ती विसरत नाही.

आणि घरात वर्षाचं बाळ असेल, तर तो जुना खेळ खेळाच. नाक कुठंय, कान कुठंय, पोटोबा कुठाय. फक्त यावेळी पोटावरून एकदम गुडघ्यावर उडी मारू नका.